मुलीचं एक वर्ष

परवा बचत गटाची बैठक संपल्यावर एक शेजारीण मागे रेंगाळली. म्हणाली, "ताई, पोरगी 'नीट' पास झाली, तरी पुन्हा परीक्षा देते म्हणते. पास झाल्यावर पुन्हा कशाला हो?" नारपोलीतल्या यंत्रमाग कामगाराच्या घरातला हा प्रश्न. तिचं तरी काय चुकलं? आपल्या वेळी नापास झालेलाच पुन्हा परीक्षेला बसायचा.

आता हिशेब बदललाय. २०२४ साली देशभरातून सुमारे २४ लाख मुलांनी 'नीट'साठी नाव नोंदवलं. १३ लाखांहून जास्त पात्र ठरली. एमबीबीएसच्या जागा मात्र लाखाच्या थोड्या वर, त्यातल्या साधारण निम्म्याच सरकारी. म्हणजे पात्र होणं म्हणजे नुसतं रांगेत उभं राहणं. खासगी कॉलेजची फी ऐकून आईबापांचे डोळे फिरतात. मग मूल म्हणतं, अजून एक वर्ष घासून बघू. ही परीक्षा किती वेळा द्यावी याला बंधनही नाही. म्हणून तर लातूरला रिपीटर मुलांच्या वेगळ्या बॅच चालतात.

मला खुपतं ते पुढचंच. मुलाने ड्रॉप घेतला तर 'आयुष्याचा प्रश्न आहे' म्हणतात. मुलीने घेतला की नातेवाईक तिचं वय मोजायला लागतात. याच शेजारणीने थोरल्या मुलाच्या दुसऱ्या प्रयत्नासाठी मंगळसूत्र गहाण ठेवलं होतं. धाकटीला मात्र बीएस्सीचा फॉर्म आणून दिला. आणि मार्क धाकटीचे जास्त!

जुलै २०२४ मध्ये राज्य सरकारने ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसी घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी फी माफी दिली. चांगलंच झालं. पण ही माफी प्रवेश मिळाल्यानंतरची. त्याआधीचं अभ्यासाचं वर्ष तिला घरानेच द्यायचं असतं.

मैत्रिणींनो, डोळे झाकून वर्ष घालवा असं मी म्हणत नाही. गेल्या वर्षीच्या प्रवेश यादीत आपल्या प्रवर्गाचा शेवटचा प्रवेश किती मार्कांवर झाला ते बघा. फरक थोडा असेल तर पुन्हा बसू द्या. फारच असेल तर बीएएमएस, नर्सिंग, फार्मसीचाही विचार करा. आणि वर्ष दिलंत तर पुरतं द्या. पाणी भरणं, पोळ्या लाटणं तिच्याच गळ्यात राहिलं तर ती अभ्यास कधी करणार?

शेजारणीला मी एवढंच विचारलं, "भावाला दिलंस ते वर्ष हिला का नाही?" ती काहीच बोलली नाही. दुसऱ्या दिवशी मात्र लेकीचा निकाल घेऊन दारात उभी होती.