व्रणांसह उठलेला देह

नोव्हेंबर २०१८ मध्ये एका चिनी शास्त्रज्ञाने क्रिस्पर या जनुक-संपादन तंत्राने भ्रूणावस्थेतच जनुके बदललेल्या जुळ्या मुली जन्मल्याचे जाहीर केले आणि जगभर ओरड झाली : माणूस देव व्हायला निघाला! अनेक ख्रिस्ती मंडळींचाही सूर हाच. आम्हाला हा आक्षेप कच्चा वाटतो. रोगावर उपाय शोधणे ख्रिस्ती परंपरेला नवे नाही. शब्बाथाच्या, म्हणजे विश्रांतीच्या, दिवशी रोगी बरे केले म्हणून येशूवर धर्ममार्तंड संतापले होते. रोगी बरे करण्याचा तोच वसा पुढे मिरजेच्या वॉन्लेस या मिशनरी इस्पितळापर्यंत आला.

व्हॅटिकनच्या २००८ च्या ‘दिग्नितास पर्सोने’ या दस्तऐवजाने रेघ ओढली. रुग्णापुरता जनुकीय उपचार तत्त्वतः मान्य. धडधाकट माणसाला अधिक सरस करण्याचा खटाटोप अमान्य. रेघ दिसते तितकी सरळ नाही. लस तरी निरोगी शरीराला दिलेली जादा ताकदच की! आणि ‘सरस’ कोणी ठरवायचे?

अमेरिकेतील ईशज्ञानाच्या अभ्यासक नॅन्सी आयसलँड यांना जन्मजात हाडांचा विकार होता. १९९४ च्या ‘द डिसेबल्ड गॉड’ या पुस्तकात त्यांनी शुभवर्तमानातल्या एका तपशिलावर बोट ठेवले. पुनरुत्थित येशू शिष्यांना भेटतो तेव्हा खिळ्यांचे व्रण त्याच्या हातांवर तसेच आहेत. मरणावर मात केलेला देह, पण निर्व्रण नाही. देवाला ते पुसता आले नसते काय? ज्या श्रद्धेच्या केंद्रस्थानी असा देह आहे, तिला ‘निर्दोष शरीर तेच सफल जीवन’ हे समीकरण पचणारे नाही. प्रेषित पौलानेही ‘देहातला काटा’, बहुधा एखादी व्याधी, निघावा म्हणून देवाला तीनदा विनवले, काटा राहिला. (म्हणून दुखणी कुरवाळत बसावे असे नव्हे. तसा उपदेश बहुधा निरोगी माणसेच करतात.)

आता प्रश्न उपचार कोणाला मिळतो याचा. त्याच क्रिस्पर तंत्रावर आधारलेला सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकारावरचा उपचार ब्रिटनने नोव्हेंबर २०२३ मध्ये मंजूर केला. पुढच्याच महिन्यात अमेरिकेनेही परवानगी दिली. मंजुरीच्या वेळी तिथली किंमत २२ लाख डॉलर होती. गडचिरोली-नंदुरबारच्या आदिवासी घरांत हा आजार पिढ्यानपिढ्या आहे. त्या घरांना डावलून श्रीमंतांच्या बाळांची उंची-बुद्धी वाढवण्यावर पैसा ओतला गेला, तर आमच्या मते ते पाप ठरेल. आणि हा शब्द आम्ही जपून वापरतो.

या अंकातल्या काही लेखकांना हे पटलेले नाही. त्यांचे लेख मुद्दाम आधी छापले आहेत. वाचा, वाद घाला, पत्र पाठवा.