वाटलेल्या पेट्या आणि भरलेल्या चौकटी

राष्ट्रीय मधमाशीपालन व मध अभियानासाठी केंद्र सरकारने २०२० मध्ये ५०० कोटी रुपयांची तरतूद जाहीर केली. या विषयावरच्या बातम्यांत दोन आकडे हमखास असतात: किती पेट्या वाटल्या आणि किती टन मध निघाला. या दोहोंच्या मध्ये, पेटीच्या आत काय घडते, हे मात्र क्वचितच वाचायला मिळते. यशापयश ठरते ते तिथेच.

पेटीच्या खालच्या कोठीत राणीमाशी अंडी घालते. वरची कोठी मधाच्या साठ्यासाठी असते. युरोपीय मधमाशीच्या अंड्यापासून कामकरी माशी बाहेर यायला २१ दिवस लागतात आणि ती मकरंद आणू लागेपर्यंत आणखी सुमारे तीन आठवडे जातात. म्हणजे मार्चच्या मध्यावर मुझफ्फरपूरच्या लिचीबागेत राबणारी माशी फेब्रुवारीच्या आरंभी, राजस्थानातील मोहरीच्या शेताकडेला, अंड्याच्या रूपात होती. तेव्हा राणीला अंडी घालायला जागाच नसेल, तर लिचीचा हंगाम फुले येण्यापूर्वीच हातचा गेलेला असतो.

मोहरीचा मकरंद झपाट्याने येतो. वर मधकोठी नसेल तर माश्या तो पिल्लांच्या चौकटींतच भरतात. राणीची कोंडी होते, गर्दी वाढते, नव्या राण्यांसाठी घरे बांधली जातात आणि वसाहत फुटते. एकाच कोठीतून मध काढताना पिल्लांच्या चौकटीही यंत्रात फिरतात, अळ्या दगावतात. मेणाने न मिटलेल्या घरांतला पातळ मध बाहेर येतो. मधात पाण्याचे प्रमाण २० टक्क्यांपेक्षा अधिक नसावे, असे आपले मानक सांगते. कच्चा मध त्या कसोटीवर अनेकदा उतरत नाही आणि लवकर आंबतो.

मधकोठी आणि राणीला वर जाऊ न देणारी जाळी हा उपाय जुनाच आहे. तरीही अनेक स्थलांतरित मधपाळ तो टाळतात. जादा कोठीला पैसे लागतात आणि मालमोटारीत जागाही. ही अडचण खरी आहे. म्हणून अनुदानाचा मोठा वाटा नव्या पेट्यांऐवजी मधकोठ्या, जाळ्या आणि प्रशिक्षणाकडे वळवावा.

प्रशिक्षण यासाठी की कोठी केवळ तारीख पाहून चढवता येत नाही. पिल्लांना सुमारे ३४ ते ३५ अंश सेल्सिअस ऊब लागते. रात्री थंड असताना अशक्त वसाहतीवर रिकामी कोठी ठेवली, तर माश्यांची शक्ती ऊब राखण्यातच खर्ची पडते. खालच्या बहुतेक चौकटी माश्यांनी झाकल्या, की वेळ आली. आपली सातेरी माशी तर लहान वसाहतीची आणि सतत छेडल्यास घर सोडून जाणारी. तिला मोठ्या पेटीचे वेळापत्रक लागू पडत नाही.

यापुढे पेट्यावाटपाची बातमी वाचाल, तेव्हा एक प्रश्न अवश्य विचारा: त्यांतील किती पेट्यांत पुढच्या वसंतात पिल्लांनी भरलेल्या चौकटी होत्या?