पुन्हा मोटारसायकल

आपल्याकडील मध्यम स्थितींतल्या घरांत मोटारसायकल बहुधा दोनदां येते. पहिल्यांदा ती पहिल्या नोकरीबरोबर येते आणि चारदोन वर्षें मोठ्या डौलानें अंगणांत उभी राहते. पुढें लग्न, घराचें कर्ज, मुलांच्या शाळा, वडील माणसांचीं आजारपणें यांच्या रहाटगाडग्यांत ती विकली जाते, किंवा जिन्याखालीं जुनी चादर पांघरून पडते. वीसपंचवीस वर्षें अशीं निघून जातात. मग मुलें मार्गाला लागतात, कर्ज फिटतें, आणि एके दिवशीं घरचे कर्ते गृहस्थ चष्मा सांवरीत नव्या फटफटीचें माहितीपत्रक वाचतांना आढळतात. हल्लीं तर मोहही जुन्याच नांवांनीं येतो. पूर्वीं बंद पडलेली जावा २०१८ सालीं बाजारांत परत आली, तिच्यामागून २०२२ सालीं येझ्दी आली; बुलेट तर कधीं गेलीच नव्हती.

असें झालें म्हणजे घरांत दोन पक्ष पडतात. आजी म्हणतात, “हें कसलें वय?” मुलें म्हणतात, “बाबांना सगळें येतें, घेऊं द्या.” आमच्या मतें हे दोन्ही पक्ष चुकतात. पन्नाशी हें वाहन सोडण्याचें वय नव्हे. आणि ‘सगळें येतें’ हा समज तर त्या काळजीपेक्षांही अधिक धोक्याचा आहे. म्हणून या महिन्यांत या विषयाचा थोडा विस्तारानें विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

पुष्कळ दिवसांनीं गाडीवर बसणारा मनुष्य नवशिका नसतो, तसाच तो सरावाचाही नसतो. त्याचा वर्ग तिसराच. तोल सांवरणें, क्लच सोडणें, गिअर बदलणें या गोष्टी एकदां अंगीं मुरल्या म्हणजे सहसा विसरत नाहींत. पोहणें विसरत नाहीं तसेंच हें. पहिल्या दहापंधरा मिनिटांतच हात-पाय आपलें काम करूं लागतात आणि मन म्हणतें, ‘वा! सर्व जसेंच्या तसें आहे.’ येथेंच फसगत होते. गाडी चालविण्याचें कौशल्य तासाभरांत परत येतें; रस्ता वाचण्याचें कौशल्य मात्र तितक्या लवकर परत येत नाहीं. नवशिका भीत भीत जातो आणि त्या भीतीनें वांचतो. परतणाऱ्यास भीति नसते आणि सरावही नसतो.

शिवाय हातापायांना जें आठवतें, तें आजच्या गाडीस लागू असेलच असें नाहीं. जुन्या बुलेटवर गिअर उजव्या पायाशीं आणि मागचा ब्रेक डाव्या पायाशीं असे. आजच्या सर्व मोटारसायकलींवर तें उलट आहे. ज्यानें ऐन उमेदींत दहा वर्षें जुनी बुलेट चालविली, तो शांत रस्त्यावर नवी गाडी अचूक चालवील. परंतु अचानक म्हैस आडवी आली कीं त्याचा डावा पाय आपोआप खालीं दाबला जाईल, आणि ब्रेक लागण्याऐवजीं गिअर पडेल. संकटाच्या क्षणीं मनुष्य विचारानें वागत नाहीं, संवयीनें वागतो. जुनी संवय मोडून नवी बसविण्यास चार दिवस पुरत नाहींत.

दुसरी संवय पुढच्या ब्रेकची. ड्रमचे ब्रेक असलेल्या काळीं ‘पुढचा ब्रेक दाबलास तर डोक्यावरून उलटशील’ असें वडील बंधु धाकट्यास बजावीत. त्यामुळें एक पिढीच्या पिढी केवळ मागच्या ब्रेकवर विसंबून गाडी चालवीत आली. वस्तुतः गाडी थांबूं लागतांच तिचा भार पुढच्या चाकावर येतो. म्हणून थांबविण्याचें बहुतेक काम पुढचाच ब्रेक करतो, आणि मागचें चाक हलकें झाल्यामुळें लवकर घसरतें. अमेरिकेंत दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाचे प्राध्यापक हॅरी हर्ट यांनीं लॉस एंजेलिस भागांतील सुमारें ९०० मोटारसायकल-अपघातांची प्रत्यक्ष जागेवर जाऊन तपासणी केली व १९८१ सालीं तिचा वृत्तांत प्रसिद्ध झाला. त्यांत हेंच आढळलें : चालकांनीं मागचा ब्रेक जरुरीपेक्षां अधिक दाबून चाक घसरविलें, आणि पुढचा ब्रेक पुरता वापरलाच नाहीं. या चालकांपैकीं शेंकडा ९२ जणांस रीतसर शिक्षण मिळालें नव्हतें. ते स्वतःच, किंवा घरच्यांपासून व मित्रांपासून शिकले होते. आपल्याकडे याहून निराळें काय आहे?

आपल्या देशांत १ एप्रिल २०१९ पासून १२५ सी. सी. हून मोठ्या नव्या दुचाकीस, निदान पुढच्या चाकापुरती तरी, चाक अडकूं न देणारी ए. बी. एस. योजना सक्तीची झाली. ही सोय मोठी आहे खरी. परंतु वाळूवर किंवा खडीवर ती चमत्कार करीत नाहीं.

आतां वेगाचा हिशेब पाहूं. ताशीं ४० किलोमीटर वेगानें जाणारी गाडी एका सेकंदांत सुमारें ११ मीटर जाते. ६० च्या वेगानें जाणारी जवळ जवळ १७ मीटर. संकट दिसून हात ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद तरी सहज जातो, आणि वय वाढतें तसा थोडा अधिकच. त्यानंतर चांगल्या कोरड्या रस्त्यावर थांबावयास पहिल्या गाडीस सुमारें १० व दुसरीस सुमारें २३ मीटर लागतात. म्हणजे एकूण २१ मीटर आणि ४० मीटर. वेग दीडपट झाला, अंतर मात्र जवळ जवळ दुप्पट झालें. वीस वर्षें मोटारगाडींत, भोंवतीं लोखंडी कवच घेऊन बसलेल्या मनुष्याच्या अंगीं हा हिशेब राहिलेला नसतो.

त्यांत वजनाची भर पडते. पूर्वीं ज्याच्यापाशीं शंभर सी. सी. ची गाडी होती, त्यानें सुमारें ११० किलो वजन सांभाळलें होतें. आजची ३५० सी. सी. ची बुलेट १९० किलोंच्या पुढें भरते. धांवतांना हें वजन जाणवत नाहीं. फाटकांतून वळतांना, उतारावर उभें राहतांना जाणवतें. परतलेल्या पुष्कळ गृहस्थांचें पहिलें पडणें रस्त्यावर होत नाहीं, स्वतःच्या अंगणांत होतें.

शरीराचीही झडती घ्यावी. पन्नाशीनंतर रात्रीं समोरच्या दिव्यांनीं डोळे अधिक दिपतात. मान ताठरते आणि वळून मागें पाहण्याचा कंटाळा येतो. म्हणून गाडीच्या दुकानापूर्वीं डोळ्यांच्या डॉक्टरांचें घर गांठावें. कागदपत्रेंही काढून पाहावींत. परवान्याची मुदत संपून एक वर्षाहून अधिक काळ लोटला असल्यास २०१९ च्या दुरुस्तीनंतरच्या कायद्याप्रमाणें पुन्हा परीक्षा द्यावी लागते. या परीक्षेचा पुष्कळांस कमीपणा वाटतो. आम्हांस ती ईश्वरी कृपाच वाटते.

जिन्याखालची जुनी गाडीच बाहेर काढावयाची असल्यास तिचीही प्रकृति पाहावी. नोंदणी पंधरा वर्षांची असते. त्यापुढें ती पांच पांच वर्षांनीं नवी करावी लागते. टांकींतील जुनें पेट्रोल काढून टाकावें, कारण तें चिकट होऊन कार्बुरेटरचीं सूक्ष्म छिद्रें बुजवितें. अलीकडच्या पेट्रोलांत शेंकडा वीसपर्यंत इथेनॉल मिसळलेलें असतें. जुन्या रबरी नळ्यांस तें मानवत नाहीं, तेव्हां त्या बदलाव्यात. टायरची नक्षी शाबूत दिसली तरी भुलूं नये. टायरच्या कडेवर चार आंकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे व पुढचे दोन वर्षाचे. ‘२३०९’ असें असेल तर तो टायर २००९ सालच्या तेविसाव्या आठवड्यांतला आहे, आणि त्याचें रबर कधींच वाळून गेलें आहे.

आतां क्रम सांगतों. पहिले चार रविवार सकाळीं एखाद्या मोकळ्या मैदानावर जावें. मंद गतीनें इंग्रजी आठाचा आंकडा काढावा. नंतर २०, ३०, ४० अशा चढत्या वेगांवरून दोन्ही ब्रेक हळूंहळूं पण पक्के दाबून थांबण्याचा अभ्यास करावा. वळतांना चाकाकडे न पाहतां जेथें जावयाचें तेथें पाहावें. दृष्टि जाते तिकडे गाडी जाते. घरांत सरावाचा पुतण्या असेल तर त्यास बरोबर न्यावें. “काका, तुमचा डावा पाय पुन्हा ब्रेक शोधीत होता,” असें त्यानें सांगितलें तर रागावूं नये. ज्याला आपण सायकलीवर बसविलें त्याच्यापुढें विद्यार्थी होण्यांत कांहीं उणेपणा नाहीं.

दुसऱ्या महिन्यांत ओळखीचे रस्ते, दिवसाउजेडीं, एकट्यानें. चौकांत सर्वांत अधिक जपावें. हर्ट यांच्या तपासणींत दुसऱ्या वाहनाशीं झालेल्या टकरींत नेहमींचा प्रकार हाच होता कीं, समोरून येणारी मोटार मोटारसायकलीच्या वाटेंत आडवी वळली. आपल्याकडे डावीकडून चालण्याची रीत असल्यामुळें ही मोटार समोरून येऊन आपल्या उजवीकडे वळते. तिच्या चालकानें आपल्याला पाहिलें आहे असें कधींही गृहीत धरूं नये. जूनच्या पहिल्या सरींत रस्त्यावरील तेल व धूळ यांचा गिलावा होतो. पांढरे पट्टे व गटारांचीं झांकणें निसरडीं होतात. ते आठदहा दिवस गाडी घरींच ठेवावी. ताम्हिणी घाट पुढल्या वर्षींही तेथेंच असणार आहे. मुंबई-पुणें द्रुतगतिमार्गावर व अटल सेतूवर दुचाकीस बंदी आहे, हेंही परतणाऱ्यानें ध्यानांत ठेवावें.

तिसऱ्या महिन्यांपूर्वीं मागें कोणास बसवूं नये, पत्नीसही नाहीं. पुढें बसवाल तेव्हां तिच्याही डोक्यावर शिरस्त्राण हवें. तें वापरल्यानें मृत्यूचा धोका शेंकडा ४२ आणि डोक्याच्या दुखापतीचा शेंकडा ६९ कमी होतो, असें २००८ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या वैद्यकीय समालोचनांत दिसून आलें. आपल्या देशांत २०२२ या एका वर्षीं रस्त्यावरील अपघातांत १,६८,४९१ माणसें गेलीं. त्यांपैकीं शेंकडा ४४ हून अधिक दुचाकीवरचीं होतीं. हे आंकडे आम्ही भिवविण्यासाठीं देत नाहीं. आजींची काळजी हा केवळ म्हातारपणाचा चाळा नव्हे, एवढेंच त्यांवरून समजावें.

एक गोष्ट आमच्या भगिनींविषयीं. पुरुषाची गाडी कर्जापायीं सुटते. सुनेची बहुधा सासरीं आल्यावर सुटते. १९७२ पासून लूना निघूं लागल्यावर कित्येक मुली तिच्यावरून महाविद्यालयांत गेल्या; त्यांतल्या पुष्कळ जणी पुढें ‘आतां कशाला?’ या एका प्रश्नानें घरांत बसल्या. त्यांपैकीं कोणाच्या मनांत आज पुन्हा दुचाकीवर, मोटारसायकलीवरही, बसावयाचें असेल, तर वर सांगितलेला क्रम तिलाही अक्षरशः लागू आहे. घरच्यांनीं गृहस्थास जो प्रश्न विचारला नाहीं, तो तिला विचारूं नये.

शेवटीं घरांतल्या मंडळींस एवढेंच सांगणें आहे. मनाई केली तर गृहस्थ चोरून जातील, आणि चोरून जाणारा घाईनें जातो. केवळ कौतुक केलें तर ते पहिल्याच रविवारीं महाबळेश्वर गांठूं पाहतील. त्यापेक्षां त्यांच्याशीं तीन महिन्यांचा करार करावा : शिरस्त्राण, डोळ्यांची तपासणी, मैदान, मग रस्ता, आणि सर्वांशेवटीं घाट. परतण्याची वेळ सांगून जावें, आणि उशीर होणार असेल तर गाडी थांबवून कळवावें. हा करार ज्यांस जाचक वाटेल, त्यांनीं गाडी आणखी एक वर्ष लांबणीवर टाकावी. ज्यांस तो मान्य असेल, त्यांस आजींनींही दाराशीं येऊन दहींसाखर द्यावी, असें आम्ही सुचवितों.