डब्याचा अंगरखा उतरविताना

दिवाळी जवळ आली की मुले आकाशकंदिलाच्या सामानाची जमवाजमव करू लागतात. कामट्या, रंगीत कागद आणि खळ यांच्या पंगतीत अलीकडे पेयांचे रिकामे डबेही येऊन बसले आहेत. मुले त्यांना ‘कॅन’ म्हणतात. त्यांतला एखादा बिअरचा निघाला तर आजींच्या कपाळावर आठी उमटणे स्वाभाविक आहे. गोव्यातील घरांना त्याचे फारसे नवल नसावे. गुजरातेत मात्र राज्याच्या स्थापनेपासून, म्हणजे १९६० पासून, दारूबंदी आहे. तेथील बडोदेकर भगिनींनी सोडापेयाचा डबा घ्यावा. दोहोंची घडण एकच असते. अडचण एवढीच, की देवघरासमोर टांगावयाच्या कंदिलावर मद्याचे नाव झळकून चालत नाही. ते उतरवावयाचे कसे, हा या खेपेचा विषय.

सूत्र एकच आहे. नाव डब्यावर कसे बसले आहे ते आधी ओळखावे, आणि डबा कोणत्या धातूचा आहे हे विसरू नये. लोहचुंबक चिकटला नाही तर डबा अॅल्युमिनियमचा समजावा. त्याची भिंत जेमतेम मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढी जाड असते. काचेच्या बाटलीवरील कागद सुटावा म्हणून आपण ती धुण्याच्या सोड्याच्या गरम पाण्यात बुडवितो. काचेला हे मानवते. अॅल्युमिनियम मात्र त्यात काळवंडते व झिजते. कॉस्टिक सोड्याचे तर नावच काढू नये. अॅल्युमिनियमशी त्याची गाठ पडताच द्रावण तापते, उसळते आणि हायड्रोजन हा ज्वालाग्राही वायू सुटतो. रंग झटपट निघतो म्हणून कोणी हा उपाय सुचविला, तरी मुलांच्या डोळ्यांचे मोल त्या रंगाहून अधिक आहे.

नाव तीन प्रकारांनी बसविलेले असते. पहिला प्रकार चिकटविलेल्या कागदाचा. साबणाच्या कोमट पाण्यात डबा अर्धा तास ठेवावा, कागद बोटांनी सोलावा, आणि उरलेल्या चिकट्यावर खोबरेल तेल चोळून तासाभराने मऊ फडक्याने पुसावे. दुसरा प्रकार प्लास्टिकच्या तंग पिशवीचा. तिची कड वरच्या काठाशी नखाला लागते. तेथे कात्रीच्या टोकाने हलकेच चीर पाडली की ती सालीसारखी निघते. येथे गरम पाणी वापरू नये, कारण उष्णतेने ही पिशवी अधिकच आवळते.

तिसरा प्रकार सर्वांत अधिक आढळतो आणि सर्वांत चिवट असतो. यात वेगळे लेबल नसतेच. शाई थेट धातूवर छापून, वर वार्निश चढवून ते भट्टीत पक्के केलेले असते. म्हणून नखपॉलिश काढण्याच्या ॲसिटोनलाही ते सहजी दाद देत नाही. शिवाय ॲसिटोनच्या वाफा पेट घेतात, तेव्हा स्वयंपाकघरात ते आणूच नये. डबा अखंड ठेवावयाचा असेल, तर तो कोरड्या वाळूने गच्च भरावा, म्हणजे पोचे पडत नाहीत. मग बारीक पॉलिशपेपर पाण्यात भिजवून एकाच दिशेने सावकाश घासावे. पाण्यामुळे रंगाची धूळ उडत नाही.

तोरणाची पाने अथवा फुले करावयाची असतील, तर घासण्याचे श्रमही वाचतात. डबा धुऊन वाळवावा. वरच्या काठाखाली टोच्याने भोक पाडून कात्रीने झाकण व बूड वेगळे करावे आणि उभा छेद द्यावा. सुमारे २० सेंटिमीटर लांबीचा पत्रा हाती येतो. मेजाच्या कडेवरून उलट्या बाजूने ओढला की तो सरळ होतो. आता तो पालथा करा! आतील बाजू मुळातच रुपेरी असते. पेयाचा धातूशी संबंध येऊ नये म्हणून तिच्यावर पारदर्शक लेप तेवढा दिलेला असतो. मद्याचे नाव मागे राहते आणि चकाकी पुढे येते.

तीन पथ्ये मात्र पाळावीत. कापलेली कड पात्यासारखी धारदार असते. कापण्याचे काम मोठ्यांनी जाड हातमोजे घालून करावे आणि अर्धा सेंटिमीटर कड आत दुमडूनच पत्रा मुलांच्या हाती द्यावा. आत पणती ठेवू नये, कारण तापल्यावर रंग व लेप जळून उग्र वास सुटतो. विजेची लहान माळ सोडावी. आणि घासलेला डबा खाण्यापिण्याच्या कामी आणू नये.

उरलेले डबे रंगासकट भंगारवाल्याला द्यावेत. कारखान्यात तो रंग जळून जातो, आणि खनिजापासून नवे अॅल्युमिनियम काढण्यापेक्षा जुने वितळविण्यास सुमारे ९५ टक्के कमी ऊर्जा लागते. म्हणून हौसेपुरते दोनचार डबे घ्यावेत. बाकीच्यांचा अंगरखा उतरविण्याचे काम भट्टीवर सोपवावे.