झोपू द्या, उतरेल!

गाडगेबाबा आमच्याच अमरावती जिल्ह्यातले, शेंडगावचे. जन्म १८७६ चा. त्यांनी आपल्या कीर्तनांतून दारूवर जन्मभर कोरडे ओढले. पण ते आपल्यासाठी नव्हेत, अशी आम्हा पांढरपेशांची समजूत! माझीही तीच होती. गेल्या दिवाळीत ती उतरली.

भाऊबीजेसाठी मी पाडव्यालाच अकोल्याला ताईकडे पोचलो होतो. भाऊजींना मधुमेह, ग्लिमेपिराइडची गोळी रोजची. त्या रात्री मित्रमंडळीत त्यांनी दोन पेले घेतले. "यात साखर कुठे असते?" हा त्यांचा युक्तिवाद! वर पथ्य म्हणून जेवणाला फाटा दिला. गोळी मात्र इमानाने घेतली.

पहाटे पाहतो तो भाऊजी घामाने चिंब, हात थरथरताहेत, बोलणे असंबद्ध. तोंडाला वास होताच. शेजारचे आजोबा म्हणाले, "झोपू द्या जी त्यायले, उतरली का उठतीन." खोटे कशाला सांगू, मीही मान डोलावली.

भाच्याने मात्र साखर मोजायचे यंत्र आणले. आकडा आला ४६! ७० च्या खाली गेला तरी धोका. गिळता येत होते, म्हणून तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून पाजली, १५ मिनिटांनी पुन्हा मोजली, थोडे खायला घातले आणि दवाखाना गाठला.

डॉक्टर म्हणाले ते वाचकांनी ध्यानात ठेवावे. आपण उपाशी असलो की यकृत रक्तात साखर पुरवत राहते. दारू पोटात गेली की ते तिचाच निकाल लावण्यात गुंतते. नवी साखर करणे राहून जाते. इकडे इन्सुलिन किंवा असल्या गोळ्या साखर खाली ओढतच असतात. हा धोका दुसऱ्या दिवसापर्यंतही टिकतो. साखर उतरली काय नि दारू चढली काय, माणूस सारखाच दिसतो. वासाने घरचे फसतात. तेव्हा झोपवण्याआधी साखर मोजावी. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काही घालू नये. तडक १०८ ला फोन करावा.

गोळीचा अंमल लांबतो, म्हणून भाऊजींना दिवसभर ठेवून घेतले. आमची भाऊबीज तिथेच झाली. निरांजन नाही, नुसते कुंकू. ओवाळणी काय देऊ विचारले, तर ताई म्हणाली, "काही नको रे. पुन्हा अशी मान डोलावू नकोस, एवढेच."