नोकरी सुटली, साक्ष सुटत नाही

मोठ्या साहेबाच्या केबिनमध्ये रोज बसणारा माणूस नोकरी सोडतो. पुढे चौकशी लागते. आत काय बोलणे झाले, ते त्याने सांगावे की नाही? साहेबाने 'सांगू नकोस' म्हटले, तर ते कितपत चालावे? अमेरिकेत हा प्रश्न वारंवार उभा राहिला आहे. तिथे त्या आडकाठीला 'एक्झिक्युटिव्ह प्रिव्हिलेज', म्हणजे कार्यकारी विशेषाधिकार, म्हणतात.

राष्ट्राध्यक्षाला सल्लागारांशी मोकळेपणाने बोलता यावे, म्हणून ते बोलणे गुप्त ठेवण्याची ही मुभा. ती अगदीच गैर आहे, असे आम्ही म्हणणार नाही. आपले प्रत्येक वाक्य उद्या चव्हाट्यावर येणार अशी धास्ती असली, तर सल्लागार साहेबाला आवडेल तेच बोलेल. पण अमेरिकेच्या घटनेत हा शब्द कुठेही लिहिलेला नाही. वॉटरगेट प्रकरणात राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी संभाषणाच्या टेप देण्याचे नाकारले, तेव्हा २४ जुलै १९७४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एकमताने बजावले की, असा अधिकार आहे, पण तो अमर्याद नाही. फौजदारी खटल्यासाठी टेप द्याव्याच लागतील. सोळा दिवसांनी निक्सन पायउतार झाले.

मग पद सोडलेल्या अधिकाऱ्याचे काय? एक गोष्ट ध्यानात ठेवावी. हा अधिकार अधिकाऱ्याचा नव्हे, राष्ट्राध्यक्षाचा. त्याने तो वापरलाच नाही, तर साक्ष अडत नाही. एफबीआयचे प्रमुख जेम्स कोमी यांना मे २०१७ मध्ये काढून टाकण्यात आले. ८ जूनला त्यांनी राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांच्याशी झालेले बोलणे सिनेटच्या समितीपुढे सांगितले. हा अधिकार वापरणार नाही, असे व्हाईट हाऊसने आधीच जाहीर केले होते. शिवाय काढून टाकलेल्या माणसाला पुन्हा काढण्याची भीती ती काय घालणार!

डॉन मॅकगान यांचे प्रकरण वेगळे. व्हाईट हाऊसचे हे वकील २०१८ साली पदावरून गेले. २०१९ मध्ये प्रतिनिधीगृहाच्या समितीने त्यांना समन्स काढले. व्हाईट हाऊसने 'जाऊ नका' म्हणून सांगितले. ते गेले नाहीत. नोव्हेंबर २०१९ मध्ये न्यायाधीश केतनजी ब्राऊन जॅक्सन यांनी निकाल दिला की, राष्ट्राध्यक्ष म्हणजे राजा नव्हे. साक्षीदाराने हजर व्हावे. एखाद्या प्रश्नाला गुप्ततेची अडचण असेल, तर ती तिथे सांगावी. पण अपिले चालूच राहिली. अखेर समझोता होऊन मॅकगान यांनी साक्ष दिली ती ४ जून २०२१ रोजी, बंद दाराआड. तोवर निवडणूक होऊन गेली होती आणि ट्रम्पही पदावर नव्हते.

खरी मेख इथेच आहे. साक्ष अडवायला खटला जिंकावा लागत नाही, तो लांबला तरी पुरते. थकलेल्या पगारासाठी लेबर कोर्टाचे जिने झिजवलेल्या आमच्या वाचकांना तारखांचा हा महिमा वेगळा सांगायला नको.

आमच्या मते न्यायाधीश जॅक्सन यांनी सांगितलेली वाटच योग्य. गुप्तता असलीच तर ती एखाद्या प्रश्नापुरती असावी. सबंध माणूस तिच्याआड लपता कामा नये. आणि अशा वादाचा निकाल महिन्यांत लागावा, वर्षांत नव्हे. ज्यांच्यासाठी चौकशी होते, त्या जनतेला उत्तर मत देण्यापूर्वी मिळाले, तरच त्याचा उपयोग.