दोन दिवसांचं शिबिर आणि हुमणीची रात्र



शनिवार उजाडला की पुण्याकडून येणाऱ्या गाड्यांची रांग आता आपल्या ओळखीची झाली आहे. काही गाड्या चेलाडी फाट्याला वेल्ह्याकडे वळतात, काही कापूरहोळवरून भोरकडे. त्यांत राजगड-तोरणा चढणारी पोरं असतात, तशी कंपन्यांनी पाठवलेली नोकरदार मंडळीही असतात. धरणाच्या काठी नाहीतर डोंगराच्या पायथ्याशी तंबू ठोकायचे, दोर चढायचे, पिंपांचा तराफा बांधायचा आणि रविवारी संध्याकाळी माघारी जायचं. याला संघबांधणीचं शिबिर म्हणतात. किकवीच्या चहाच्या टपरीवर त्यावर ठरलेला शेरा ऐकू येतो : "पैसं देऊन चिखलात लोळायला येत्यात. आमच्याकडं या म्हणावं, लागणीला फुकट लोळवतो!"

विनोद चांगला आहे. आम्हीही हसलो आहोत. पण हसून झालं की एक प्रश्न उरतो. एकत्र काम कसं करावं हे शिकायला शहरातली माणसं आपल्या खोऱ्यात येतात. मग आपल्या खोऱ्यातली पोरं ते कुठं शिकतात?

यावर उत्तर तयार असतं : "ते आमच्या रक्तातच आहे. इर्जिक कुणी शिकवली होती का?" आमचं मत थोडं वेगळं आहे. इर्जिक रक्तात नव्हती, गरजेत होती. ज्याच्या दावणीला एकच बैल, त्याला शेजाऱ्याच्या बैलाशिवाय नांगर धरता येत नव्हता, म्हणून सावड होती. पावसाची उघडीप साधून लावणी उरकायची, म्हणून आज तुझ्या खाचरात आणि उद्या माझ्या. भांडण असलं तरी सावड मोडून चालत नव्हतं. त्या कामातच पोरांची शाळा होत होती. कोण कामाचा, कोण नुसता बोलका, कुणाला पुढं घालावं आणि कुणाला सांभाळून घ्यावं, हे सगळं तिथंच कळायचं.

आता नांगरट ट्रॅक्टरनं तासावर होते. मोटर ज्याची त्याची, मोबाईल ज्याचा त्याचा, खत दुकानातून. बावीस वर्षांचा पोरगा शेजाऱ्याशी एक शब्द न बोलता पीक काढू शकतो. यंत्र आलं यात वाईट काही नाही, कष्ट कमी झाले. पण गरज गेली तशी ती शाळाही गेली, आणि तिच्या जागी आपण काही उभं केलं नाही. तरुण पोरं एकत्र येतात ती गणपतीच्या दहा दिवसांत, क्रिकेटच्या सामन्यांत आणि निवडणुकीत. त्यातली निवडणूक तर एकत्र आणण्याऐवजी दोन बाजूंना उभी करते.

आणि ऊस हे काही एकट्याचं पीक नाही. लागण एकट्यानं करता येईल. पण पाण्याची पाळी, शेतातला गाडीरस्ता, तोडणीचा क्रम आणि कीड या चारही गोष्टी शेजाऱ्याच्या हातात असतात. प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी १९५० साली सहकारी कारखान्याचं धुराडं पेटवलं, ते याच एका गोष्टीवर की एकट्याचा ऊस बाजारात लाचार असतो. तो हिशोब त्या पिढीला पाठ होता. शेअरचा दाखला वारसानं पुढच्या पिढीच्या नावावर होतो, पण हा हिशोब वारसानं मिळत नाही.

ही शिबिरं म्हणजे शहरी खूळ, असंही आपल्याकडं म्हणतात. त्यांचा उगम मात्र खुळात नाही, मरणाच्या दारात आहे. दुसऱ्या महायुद्धात जर्मन पाणबुड्या इंग्लंडची मालवाहू जहाजं बुडवत होत्या. जहाज बुडाल्यावर होड्यांत उतरलेल्या खलाशांत एक विपरीत गोष्ट दिसू लागली. अंगानं धडधाकट तरणी पोरं आधी हाय खाऊन मरत होती आणि जुने जाणते खलाशी तगून राहत होते. लॉरेन्स होल्ट या जहाज कंपनीच्या मालकाला याचा घोर लागला. त्यानं कुर्ट हान या शिक्षकाला हाताशी धरलं. हान मूळचा जर्मन. हिटलरच्या राजवटीनं त्याला तुरुंगात टाकलं होतं, तिथून सुटल्यावर तो इंग्लंडला आला होता. दोघांनी १९४१ साली वेल्समध्ये अॅबरडोव्ही इथं 'आउटवर्ड बाउंड' नावाची शाळा काढली. सुमारे महिनाभर समुद्र, डोंगर, दोर, आणि सोबत्याची जबाबदारी, असं तिथलं शिक्षण होतं. पोहणं आणि चढणं हे साधन होतं. मूळ विषय होता, अवघड वेळी स्वतःचा आणि दुसऱ्याचा धीर कसा टिकवावा.

आपल्याकडंही हे अगदी नवं नाही. त्याच १९४१ साली महाराष्ट्रात राष्ट्र सेवा दलाची बांधणी झाली. शाखा, श्रमदान आणि कलापथकं यांतून पोरं घडवली गेली. बाबा आमट्यांनी चंद्रपूर जिल्ह्यात सोमनाथला श्रमसंस्कार छावण्या भरवल्या. १९६९ पासून कॉलेजातून राष्ट्रीय सेवा योजनेची शिबिरं गावोगाव होत आली आहेत. पुढं आपल्या सह्याद्रीत ताम्हिणीजवळ गरुडमाची हे केंद्र उभं राहिलं, ते १९८८ च्या कांचनगंगा मोहिमेचे नेते वसंत वसंत लिमये यांच्या 'हाय प्लेसेस' या संस्थेनं. म्हणजे डोंगर आपला आणि शिकवणारेही मराठी. शिकायला येणाऱ्यांत मात्र ऊसवाल्याचं पोर क्वचित दिसतं.

गेल्या एप्रिलात आपल्या कार्यक्षेत्रातल्या एका गावचं तरुण मंडळ अशाच एका केंद्रावर दोन दिवस राहून आलं. बावीस जण होते, त्यांत सात मुली. शेतकी खात्याच्या वतीनं आम्हीही बरोबर गेलो होतो. गावाचं नाव घेत नाही, कारण जे पाहिलं ते कुठल्याही गावात दिसेल.

पहिला खेळ साधा होता. सगळ्यांच्या डोळ्यांवर पट्टी, हातात एक लांब दोर, आणि त्या दोराचा चौकोन करायचा. अर्धा तास नुसता आरडाओरडा. गावात ज्यांचा आवाज मोठा, त्यांचाच तिथंही मोठा. पण पट्टी सगळ्यांनाच होती, तेव्हा मोठ्या आवाजालाही काही दिसत नव्हतं. चौकोन झाला तो एका मुलीमुळं. तिनं चौघांना कोपरे नेमून दिले आणि बाकीच्यांना दोराला धरून स्वस्थ उभं राहायला सांगितलं. पट्ट्या सुटल्यावर शिक्षकानं शाबासकी दिली नाही. सगळ्यांना गोल बसवलं आणि विचारलं, "हीच गोष्ट ही मुलगी पहिल्यांदा कधी बोलली?" ती पाचव्या मिनिटालाच बोलली होती. कुणी ऐकलं नव्हतं. आपल्या सभांतून असं किती वेळा होतं, ते ज्यानं त्यानं आठवून पाहावं.

दुसऱ्या दिवशी कातळावर चढायचं होतं. चढणाऱ्याच्या कमरेचा दोर खाली उभ्या असलेल्या जोडीदाराच्या हातात. जोड्या चिठ्ठ्या टाकून ठरल्या आणि एक चिठ्ठी अशी निघाली की सगळे गप्पच झाले. त्या दोघांच्या घरांत बांधावरून कोर्टाच्या तारखा चालू आहेत. शिक्षकाला हे ठाऊक नव्हतं, आणि आम्ही सांगितलं नाही. एकानं दोर धरला, दुसरा चढला, मग उलट. गळाभेट वगैरे काही झालं नाही. जेवताना मात्र एकानं दुसऱ्याला विचारलं, "तुमची पाळी रातची का दिवसाची?" त्यांच्या वडिलांत एवढाच प्रश्न गेली कित्येक वर्षं वकिलामार्फत विचारला जातो.

म्हणून दोन दिवसांत माणसं बदलतात असं आम्ही म्हणणार नाही. शहरातल्या शिबिरांचा दोष इथंच आहे. रविवारी टाळ्या वाजतात, सोमवारी जो तो आपल्या टेबलाशी बसतो आणि महिन्याभरात दोराची आठवण फक्त फोटोत राहते. शिबिरानंतर त्याच जथ्याला त्याच रीतीनं करायचं काम मिळालं, तरच शिकलेलं अंगी लागतं. रायरेश्वर आपल्याच तालुक्यात आहे. १६४५ मध्ये शिवरायांनी मावळातल्या सवंगड्यांसह तिथं शपथ घेतली असं परंपरा सांगते. शपथ एका दिवसाची. राज्याभिषेक १६७४ चा. मधली एकोणतीस वर्षं कामाची आहेत.

आपल्याकडं असं काम तयार आहे. ते म्हणजे हुमणी.

हुमणीनं पोखरलेलं रान ज्यानं पाहिलं आहे त्याला जास्त सांगायला नको. अळी मुळं कुरतडते, पावसाळ्यात हिरवागार दिसणारा ऊस पिवळा पडू लागतो आणि अख्खं बेट हातानं उपटून येतं. तोपर्यंत औषधाची वेळ बहुतेक निघून गेलेली असते. तिला गाठायचं ते भुंगेऱ्याच्या अवस्थेत. वळवाचा किंवा मृगाचा पहिला चांगला पाऊस झाला की दिवस मावळल्यावर भुंगेरे जमिनीतून बाहेर पडतात आणि बाभूळ, कडुनिंब, बोर यांवर पाला खायला आणि मिलनासाठी जमतात. पहाटेच्या आत ते पुन्हा जमिनीत जातात. त्या संध्याकाळी आकडीनं फांद्या हलवायच्या, खाली पडलेले भुंगेरे वेचायचे आणि रॉकेल टाकलेल्या पाण्यात बुडवायचे. एक मादी साधारण ५० ते ६० अंडी घालते. म्हणजे अंडी घालण्याआधी वेचलेली एक मादी ही पुढच्या तेवढ्या अळ्यांची वजाबाकी आहे. जोडीला प्रकाशसापळा आणि जमिनीत मेटारायझियम बुरशी असावीच.

पण भुंगेऱ्याला बांध कळत नाही. मी माझी बाभूळ झाडली आणि शेजाऱ्यानं त्याची सोडून दिली, तर माझी रात्र फुकट गेली. सगळ्या शिवारात, एकाच आठवड्यात, ओळीनं चार-पाच संध्याकाळी हे झालं पाहिजे. कुठली झाडं कुणाकडं, दिवे कुणाचे, डबे कोण आणणार, भांडणातल्या बांधावरच्या झाडाखाली कोण जाणार, हे आधी ठरलं पाहिजे. हा दोराचा चौकोनच आहे, फक्त रात्रीच्या अंधारात करायचा.

त्या बावीसांपैकी चौदा जण पहिल्या पावसानंतर तीन संध्याकाळी बाहेर पडले. झाडांची यादी त्या चौकोनवाल्या मुलीनं केली होती. तंट्याच्या बांधावरची बाभूळही झाडली गेली. ती कुणी हलवली हे आम्ही विचारलं नाही. डबे भरले. तेवढ्यानं हुमणी हटली असा दावा आम्ही करत नाही, कारण पलीकडच्या वाडीत एकही दिवा नव्हता. पण चौदा पोरं तीन रात्री गावाच्या कामासाठी विनावर्गणी, विनाडॉल्बी एकत्र आली, हे आम्ही डोळ्यांनी पाहिलं.

काही शंका येतील, त्यांना आत्ताच उत्तर देतो.

खर्चाचं काय? २०१३ मध्ये सहकार कायद्यात सभासदांच्या शिक्षण-प्रशिक्षणाची तरतूद आली. वारसदारांचं शिक्षण कुठल्या कलमात बसणार, हे मात्र आपणच ठरवायचं आहे. मंडळांनी डीजेच्या एका रात्रीचा खर्च वाचवला तरी निम्मी सोय होईल.

जिवाला धोका? ही शंका रास्त आहे. मे २०२२ मध्ये भाटघरच्या पाण्यात एकाच कुटुंबातल्या पाच जणी बुडाल्या, ते दुःख तालुका विसरलेला नाही. म्हणूनच पोरांनी आपल्या मनानं धरणावर जाण्यापेक्षा जाणत्यांच्या देखरेखीखाली जावं. राज्याच्या साहसी पर्यटन धोरणानुसार ऑगस्ट २०२१ पासून अशा संस्थांना पर्यटन संचालनालयाकडं नोंदणी करावी लागते. नोंदणीचा कागद पाहावा, पाण्यावर प्रत्येकाला लाइफ जॅकेट आहे का आणि जवळचा दवाखाना किती लांब आहे ते विचारावं, आणि हे नसेल तर पोर पाठवू नये.

मुलींना कशाला? वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाच्या बरोबरीचा हक्क राज्यानं १९९४ मध्ये आणि देशानं २००५ मध्ये दिला आहे. उद्याची सभासद तीही आहे. शिवाय चौकोन कुणामुळं झाला ते वर लिहिलंच आहे.

तेव्हा आमची सूचना अशी. दरवर्षी गळीत संपल्यावर, एप्रिलअखेर, प्रत्येक गटातून वीस-पंचवीस मुलं-मुली दोन दिवसांच्या शिबिराला जावीत. निवड एकाच आळीतली किंवा एकाच बाजूची नसावी. ज्या घरांचं आपसांत पटत नाही त्या दोन्ही घरांतून एकेक जावा. आणि परतल्यावर त्याच जथ्याकडं गावच्या भुंगेरे मोहिमेची जबाबदारी द्यावी. शेतकी खातं हा विचार संचालक मंडळापुढं मांडणार आहे. पण मंडळानं मान्यता देऊनही घरातून पोर निघालं नाही तर कागद कागदच राहील. नावं आपल्या गटाच्या चिटबॉयकडं द्यावीत.

शिबिर होवो न होवो, वळीव कुणासाठी थांबत नाही. आपल्या आणि शेजाऱ्याच्या बांधावर बाभळी, लिंब, बोरी किती आहेत, ते दोघांनी मिळून आत्ताच मोजून ठेवावं.

— ऊस विकास अधिकारी